कुंकू लागलेल्या टेपा

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या कोथरूडच्या सोसायटीने माझा छोटासा सत्कार केला. सचिवांनी ओळख करून दिली, "काकडे मॅडमनी उभं आयुष्य टेप दुरुस्त करण्यात घालवलं." नारळ हातात पडतो न पडतो तोच तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या माळ्यावर एक टेप पडलाय. त्याचं बटण दाबलं जात नाही." मी म्हटलं, "मग दाबू नका." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे मी नेमकं काय करत होते हे शेजाऱ्यांना अजूनही माहीत नाही.

माझ्या टेपा गाण्यांच्या नव्हत्या. बँका, कारखाने, रुग्णालयं यांच्या संगणकांत दिवसभर जे साठतं, त्याची नक्कल रोज काढून ठेवावी लागते. संगणक जळला, बिघडला, कुणी चुकून काही पुसलं, तर ती नक्कल धावून येते. ही नक्कल टेपवर ठेवतात. तळहातावर मावेल एवढी काळी चपटी डबी, आणि आत केसाहून पातळ, अर्ध्या किलोमीटरहून लांब फीत. अशा टेपा जिथे खणाखणांत लावून ठेवतात त्या लोखंडी कपाटाला टेप लायब्ररी म्हणतात. ग्रंथपाल म्हणून आत एक यांत्रिक हात असतो. तो सरकत जातो, हवी ती टेप उचलतो, ती ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रात घालतो आणि काम झालं की परत जागेवर ठेवतो. टेप ओळखायची कशी, तर तिच्या कडेवर काळ्या रेघांची कागदी पट्टी असते. हाताला एक डोळा असतो, तो तेवढी पट्टी वाचतो. टेपेत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

वारज्याला माझ्या आईला मी हे एकदा समजावून सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "म्हंजी हात हाय, डोळा हाय, आन् अक्कल न्हाई. मंग तुला ठेवलीया व्हय?" माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन कंपनीनेही कधी केलं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे. ड्राइव्ह मजकूर जसाच्या तसा लिहीत नाही. आधी तो दाबून लहान करतो. यादी करताना आपण तेच नाव दहादा न लिहिता खाली 'वरीलप्रमाणे' म्हणतो ना, तसं. बिलं, नावं, पत्ते यांत तेच ते इतकं असतं की ते दाबलं की चिमूटभर उरतं. चित्रांचं तसं नसतं. ती बहुधा आधीच दाबून ठेवलेली असतात, त्यांना आणखी दाबता येत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या, मांजरी गावच्या एका ग्राहकाला हे काही केल्या पटेना. "खोक्यावर दुप्पट लिवलंय आन् मावतंय निम्मं. ही काय पद्धत हाय व्हय?" म्हणून तो माझ्यावर चढला. त्याच्या घरचा ऊस होता. मी म्हटलं, "रस काढलेलं चिपाड पुन्हा चरकात घातलंत तर काय निघेल?" त्याने चहा मागवला.

आता मूळ गोष्टीकडे येते.

शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयात आमच्या कंपनीने बसवलेली लायब्ररी होती, तिची देखभाल माझ्याकडे. तिथला संगणक विभाग चांदोरकर नावाचे गृहस्थ सांभाळत. इतका टापटिपीचा माणूस मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्यांच्या टेपांचे दोन संच असत, दोन्हींत तेच. एक संच यंत्रात, दुसरा वारज्याला त्यांच्या घरच्या कपाटात, म्हणजे रुग्णालयाला आग लागली तरी एक प्रत वाचावी. हा नियम सगळ्यांना शिकवलेला असतो आणि जवळजवळ कुणीच पाळत नाही. चांदोरकर पाळत. मी त्यांचं उदाहरण इतर ग्राहकांना देत असे.

दसरा उलटल्यावर सोमवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, जरा चमत्कारिक झालंय. यंत्र नव्या टेपांवर छान काम करतंय, पण जुनं काही मागितलं की म्हणतं, अशी टेपच नाही."

मी गेले. कपाटाला झेंडूची माळ होती. त्यात मला वावगं वाटलं नाही. खंडेनवमीला आमच्या घरी नांगर, विळे, कोयते धुऊन पुजले जायचे, आणि मी स्वतः माझ्या पेचकसांना फूल वाहते. ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करावा. पण बाहेरून.

"दार उघडलं होतंत का?" मी विचारलं.

"पूजेपुरतं. जुनं यंत्र बदलल्यावरची पहिलीच पूजा, बाहेरच्या बाहेर उरकून कसं चालेल?"

"आत काय केलंत?"

"प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या."

"कुठे लावलंत?"

"समोरच. पांढरी पट्टी दिसते ना, तिच्यावर."

त्या हाताच्या डोळ्याला कुंकवाच्या बोटाखालच्या रेघा दिसणार नव्हत्या. चांदोरकरांच्याही ते लक्षात आलं होतं, पण नंतर. यंत्र टेपा ओळखेना म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या. शाई पसरली. मग त्यांनी सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या आणि न वापरलेल्या गुंडाळीतल्या, वेगळ्या रेघांच्या नव्या लावल्या. इतक्या सरळ आणि नेटक्या की फूटपट्टी ठेवून लावल्यासारख्या. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सगळ्या जुन्या टेपा नाहीशा झाल्या होत्या आणि तेवढ्याच नव्याकोऱ्या आल्या होत्या.

"जुन्या पट्ट्या कुठे आहेत?"

"कुंकू लागलेलं केरात टाकतात का मॅडम? निर्माल्यात दिल्या."

तरीही मी स्वतःला सावरून धरलं होतं, कारण मला त्यांच्या घरचं कपाट आठवत होतं. मी म्हटलं, "असू दे. घरचा संच तर शाबूत आहे ना?"

चांदोरकर निरागसपणे म्हणाले, "तोही आणला होता ना. पूजेला सगळी हत्यारं एकत्र हवीत. घरच्या टेपांनी काय पाप केलंय?"

मी तिथल्या फरशीवर बसले. खुर्ची होती, पण तिच्यापर्यंत जाण्याचं सुचलं नाही. वर्षानुवर्षं आग, पूर, उंदीर, वीज या सगळ्यांसाठी आम्ही ग्राहकांना तयार करत होतो. दोन्ही प्रती एकाच दिवशी एकाच ताम्हनासमोर येतील हे आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

सगळ्यात मोठा धक्का पुढेच होता. नवी टेप मिळाली की यंत्र तिच्या आरंभी तिचं नाव लिहितं. त्याआधी ते विचारतं की या टेपेवर आधीचं काही दिसतंय, ते जाईल, पुढे जाऊ का? चांदोरकरांना हा प्रश्न प्रत्येक टेपेला आला होता.

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हो म्हणालो. दसऱ्याच्या दिवशी नाही कसं म्हणायचं?"

टेप कशी चालते ते माहीत नसणाऱ्याला वाटेल की आरंभी चार शब्द लिहिले तर बिघडलं काय, बाकीची फीत आहेच की. फीत असते, तिच्यावरचं लेखनही असतं. पण ड्राइव्ह लिहून झालं की शेवटी एक खूण करतो: इथे संपलं. त्या खुणेपुढे तो वाचत नाही. पुढे काही आहे हे त्याला मान्यच नसतं. म्हणजे रुग्णालयाची सगळी जुनी वर्षं त्या डब्यांत जशीच्या तशी होती, आणि दारातच भिंत उभी राहिली होती.

मी अजून फरशीवरून उठले नव्हते, तेवढ्यात डॉ. पानसे आले. ते रेडिएशन देणारे डॉक्टर. पेशंट त्याला शेक म्हणतात. त्यांना शकीला शेख नावाच्या बाईंची जुनी फाइल हवी होती. चार-पाच वर्षांपूर्वी डोक्यातल्या गाठीवर त्यांना शेक दिला होता. आता शेजारीच दुसरी गाठ आली होती. शरीराचा एखादा भाग किती शेक सोसतो याला मर्यादा असते आणि तो भाग आधीचा हिशेब विसरत नाही. कुठल्या बाजूने, किती, कुठवर दिला याचा नकाशा त्या टेपांवर होता. कागदावर फक्त एकूण आकडा होता.

"नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"मग अंदाजाने द्यावं लागेल. फार थांबता येणार नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी सुरू करतोय. त्यांनी सही केलीय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "डोळ्यांच्या नसा अगदी जवळ आहेत. धोका तिथेच आहे."

दोन दिवसांनी शकीलाआपा स्वतःच यंत्राच्या खोलीत आल्या. रुग्णालयात सगळे त्यांना आपाच म्हणत. रविवार पेठेत ब्लाउज शिवायच्या, आणि त्यांचे यजमान रफीकभाई पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. डोक्याला रुमाल, चेहरा उतरलेला, पण नजर अशी की माझ्या कुर्त्याची खांद्यावरची शिवण उसवलीय हे त्यांना दारातूनच दिसलं. तसं त्यांनी सांगितलंही. मग काचेतून कपाटाकडे बघत विचारलं, "बाई, माझं डोकं यात कुठं आहे?"

मी दचकले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आम्ही टेपा मोजायचो, जागा मोजायचो. आत कुणाचं डोकं आहे हा विचारच नसायचा. चांदोरकरांनी जुन्या क्रमानेच नव्या पट्ट्या लावल्या होत्या, त्यामुळे नकाशा कुठल्या दोन टेपांवर असावा हे मला काढता आलं होतं. मी त्या दोन खणांकडे बोट दाखवलं.

"दोन ठिकाणी?"

"एक घरची प्रत होती."

"मग एक तरी सापडेल," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, मी सही केलीय. पण अंदाजानं कापड कापायचं म्हणजे मला झोप येत नाही."

चांदोरकर कोपऱ्यात उभे होते. त्यांचा चेहरा कुंकवासारखाच झाला होता. आपांना कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. जाताना त्या त्यांच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्यात पण दुकानाच्या मशिनीला लोबान दाखवतात. पण सुईला नाही दाखवत."

त्या भिंतीपलीकडे जायचा एक मार्ग त्या पिढीच्या ड्राइव्हवर होता. तो ऐकला की अजूनही नवे इंजिनियर माझ्याकडे संशयाने बघतात. ड्राइव्हला त्याच टेपेवर पुन्हा लिहायला लावायचं आणि लिहिणं ऐन भरात असताना वीज खेचायची. 'इथे संपलं' ही खूण करायला त्याला वेळच मिळत नाही. मग वीज परत दिली की तो गोंधळतो आणि पुढे चाचपडत जातो, तिथे जुनं लेखन हाती लागतं. म्हणजे जी टेप वाचवायची तिच्यावर आपण आपल्या हाताने आणखी थोडं गिरवायचं. रुग्णालयाच्या विश्वस्तांना मी हे दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी परवानगी दिली ती बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

कोऱ्या टेपांवर मी हात बसवून घेतला. मग घरची प्रत घेतली, कारण तिच्यावर फक्त नाव लिहिलं गेलं होतं, बाकी काही नाही. तीच वाचेल याची मला खात्री होती. टेप आत गेली, फिरू लागली, आणि करकर असा आवाज आला. असा आवाज टेपेतून येऊच नये. मी ड्राइव्ह उघडला. फीत चुरगळून तिचा बोळा झाला होता, आणि डबीच्या कडेने आत घुसलेला तांदळाचा एक दाणा चाकापाशी अडकला होता. पिवळा, हळद लावलेला.

चांदोरकरांनी तो दाणा चिमटीत उचलून रुमालात बांधला. त्यांना दटावायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांच्याइतकी माझीही कीव यावी अशी माझी अवस्था होती.

उरली एक. तिच्यावर मात्र नाव लिहून यंत्र थांबलं नव्हतं. दसऱ्याच्या सुट्टीत त्याने तिच्यावर रुग्णालयाची बिलं उतरवली होती, वर्षभराची. आपांचा नकाशा फितीत थोडा आत होता. बिलं तिथपर्यंत पोचली असतील तर सगळंच संपलं होतं. मी ड्राइव्हची नोंद काढली आणि माझा विश्वास बसेना. बिलांत तेच तेच इतकं होतं, त्याच तपासण्या, त्याच खोल्या, तेच पत्ते, की ड्राइव्हने ती दाबून दाबून अगदी थोडक्यात बसवली होती. 'वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे' करत तो नकाशाच्या अलीकडेच थांबला होता. ज्या दाबण्यावरून मी आयुष्यभर ग्राहकांशी भांडले, त्याने ती फीत राखली होती.

डबी उघडून झटकून, पुसून, फुंकून मी ती आत घातली. लिहायला लावलं आणि वीज खेचली. पुन्हा वीज दिल्यावर ड्राइव्ह बराच वेळ नुसता कुरकुरत राहिला. मग पडद्यावर जुनी नावं येऊ लागली. मी चांदोरकरांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. ते खरोखर रडले.

सोमवार उजाडायच्या आत नकाशा डॉ. पानसे यांच्या हातात होता. त्यांनी मलाही बोलावून घेतलं, म्हणाले, "तुम्ही काढलंय, बघा तरी." इतक्या वर्षांत टेपेतून काढलेली वस्तू काय आहे हे मी पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावर राखाडी रंगाचं एक डोकं होतं, बाजूने घेतलेलं, आणि त्यावर रंगीत रेघांची वेटोळी. आपा आणि रफीकभाई समोर बसले होते. आपा म्हणाल्या, "हे माझंच नाक." चांदोरकर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे होते. त्यांनी नवस बोलला होता.

डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक एका लाल रेघेवर ठेवलं. "ही डोळ्यांची नस. दोन्ही बाजूंच्या नसा इथेच जुळतात. गेल्या वेळी हिला जेवढं सोसतं तेवढं सगळं मिळून गेलंय. आमच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त. आणि नवी गाठ नेमकी हिला चिकटून आहे."

"म्हणजे?" रफीकभाईंनी विचारलं.

"शेक दिला तर दृष्टी जाईल. दोन्ही डोळ्यांची."

"आणि गाठ?"

"ती बहुधा थांबेल. दुसरं औषध आहे, पण त्याच्यावर मी फार भरवसा ठेवणार नाही."

आपांनी डॉक्टरांकडे बघितलं. "हे सापडलं नसतं तर तुम्ही उद्या सुरू केलं असतं?"

"हो."

"मग डोळे गेले असते आणि मी राहिले असते. कुणी मला विचारलंच नसतं."

डॉक्टर म्हणाले, "आता विचारतोय."

मला वाटत होतं की मी या बाईंना वाचवणारं काहीतरी घेऊन आलेय, आणि मी आणला होता हा प्रश्न. आपांनी पडद्याकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे. त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही. म्हणाल्या, "औषध द्या. शेक नको." रफीकभाईंनी तोंड उघडलं, पण आपा उठल्या होत्या. दारात त्यांनी चांदोरकरांच्या पुड्यातला एक पेढा घेतला आणि माझ्या हातावर ठेवला. "मेहनत केलीत तुम्ही," म्हणाल्या.

पुढे पुष्कळ कामं केली. किती बँका, किती कारखाने. टेप हातात आली की परत मिळवून दिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. चांदोरकरांनी निवृत्त होईपर्यंत त्या कपाटाचं दार दसऱ्याला उघडलं नाही, हे मी मुद्दाम चौकशी करून सांगते.

त्या दिवाळीनंतरचा पावसाळा संपता संपता रफीकभाईंचा फोन आला होता. आपा गेल्या होत्या. ते म्हणाले, "शेवटपर्यंत शिवत होती, मॅडम. सुईत दोरा स्वतः ओवायची." मला हायसं वाटलं. माझ्या कामाची ही पावती असं समजून मी म्हटलं, "त्यांना तेच हवं होतं, भाई."

"हो, तिला हवं होतं," रफीकभाई म्हणाले. "मला ती आंधळी चालली असती."